खाल्लेल्या टरबुजांचा पंचनामा

आमच्या घरात गारपिटीची गोष्ट निघाली की सगळे आधी हसतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. सासरी मी पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा सासूबाई हातातली मेथी निवडायची थांबून म्हणाल्या होत्या, "अगं, पीक गेलं न तुमचं? मग हसतीस काय?" आता त्यांनाही ती पाठ झाली आहे, आणि पाहुणे आले की त्याच मला पुढं करतात, "ती टरबुजाची सांग." सांगून सांगून गोष्टीला मीठमसाला लागत जातो. पांडू, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तर हल्ली त्यात एक हत्तीएवढा बैल घालायला लागला आहे. म्हणून एकदा जशी झाली तशी लिहून ठेवते.

आमचं गाव चौसाळ्याहून डांबरी सोडून आत, कच्च्या रस्त्याला. दिवाळी झाली की गाव अर्ध्यावर यायचं. उरलेलं अर्धं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत संसार चढवून ऊस तोडायला कारखान्यांच्या मुलखात जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. दसऱ्याला मुकादमाकडून उचल घ्यायची, म्हणजे आगाऊ पैसे, आणि मग पाडव्यापर्यंत ते अंगानं फेडत राहायचे. माझी माय आणि अण्णा माझ्या जन्माआधीपासून एक कोयता होते. मी रांगायला शिकले ती उसाच्या पाचटावर, आणि माझं पहिलं खेळणं उसाचं कांडकं. शाळा बुडते म्हणून पुढं मला मामाकडं ठेवलं, गेवराईच्या पलीकडं गोदावरीकाठी. मामा टरबुजं पिकवायचा. पुण्याकडची माणसं त्याला कलिंगड म्हणतात, पण कलिंगड म्हटलं की मला ते फ्रिजमध्ये ठेवलेलं, बिया काढलेलं काहीतरी वाटतं. टरबूज म्हणजे बांधावर बसून, गुडघ्यावर आपटून फोडायचं आणि हनुवटीवरून रस गळू द्यायचा.

मी अकरावीला चौसाळ्याच्या कॉलेजात नाव घातलं त्या वर्षी मामा दसऱ्याला आला आणि अण्णांच्या मागंच लागला. घरालगतचा विहिरीखालचा तुकडा असाच पडीक ठेवता, ठिबकच्या नळ्या टाका, बी मी देतो, एक हंगाम घरी राहून तर बघा. मामाच्या तोंडाला विश्रांती नसते. एखादी गोष्ट त्याला पटली की ती समोरच्याला पटेपर्यंत तो जेवायलाही उठत नाही, आणि जेवायला बसला तरी बोलणं थांबत नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा कंटाळून म्हणाले, "बरं बाबा, लावतो, पण तू आता घरी जा." त्याच संध्याकाळी आमच्या टोळीचा मुकादम दगडूशेठ उचल घेऊन आला, तर अण्णांनी त्याला चहा पाजला आणि पैसे परत त्याच्या खिशात कोंबले. मुकादम पांढऱ्या शुभ्र शर्टातला, पोट पुढं घेऊन चालणारा, हसरा माणूस होता. वाईट नव्हता, पण त्याचं पोट आमच्या कोयत्यावर भरत होतं, हेही खरं. "दमानं घे," तो म्हणाला, "शेतीचं काय खरं असतंय व्हय? माझं दार उघडंच हाय." त्याचं रान आमच्या रानाच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून, त्यामुळं टोळी घेऊन जाईपर्यंत त्याला आमची लावणी रोज दिसणार होती.

तो हिवाळा मी विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाही. आम्ही चौघं एका छपराखाली थंडीत पहिल्यांदाच होतो. माय गावात दिवाळीनंतर काय काय होतं ते नव्यानं बघत होती. हुरड्याचे दिवस तिला लग्नानंतर सापडलेच नव्हते. आगटी पेटवून अण्णा कणसं भाजायचे, माय तळहातावर चोळायची, आणि पांडू दोघांच्या हातांच्या मधे तोंड घालून बसायचा. ती येसराची आमटी करायची, पाहुणे नसतानाही. येसर म्हणजे भाजून दळलेला धान्य-मसाला, तो लग्नकार्याला निघायचा. "आज कुणाचं लगीन हाय?" अण्णा विचारायचे. "आपलंच समजा," माय म्हणायची, आणि ताटात आमटी वाढताना हसू लपवायला तोंड फिरवायची. घरात रेडिओ होता, पण तो कुणी ऐकत नसे. बोलायचंच इतकं साठलं होतं.

टरबुजं धरली, फुगली. अण्णा सकाळी रानात जाऊन एकेकाला टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे. मी विचारलं, "काय म्हणतंय?" तर म्हणाले, "म्हणतंय उषीला परीक्षेला बसू दे." बीडचा व्यापारी येऊन माल बघून गेला. आठवड्याभरात गाडी येणार होती.

गारा आल्या त्या दुपार कलल्यावर. आधी वारं, मग आभाळ काळंनिळं, आणि मग पत्र्यावर असा आवाज की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. पांडू डोक्यावर पातेलं पालथं घालून अंगणात पळाला आणि मूठभर गारा घेऊन आला. मायनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच गारांवर साखर टाकून त्याला दिल्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळे म्हणायचे की गारा पडताना आम्ही रडत होतो. नाही. गारा पडताना आम्ही गारा खात होतो. रडू नंतर आलं, वारं थांबल्यावर, विहिरीखाली गेल्यावर. एकही टरबूज साबूत नव्हतं. कुणाला भोक, कुणाला तडा, कुणी पार उललेलं, आणि सगळ्या रानभर लाल दिसत होतं. वेलांची पानं तर पार चाळणी झाली होती. व्यापारी फोनवर दोन शब्दांत नाही म्हणाला.

अण्णा बांधावर बसून राहिले. मी जवळ जाऊन बसले तेव्हा त्यांनी सगळं सरळ सांगितलं. आमच्या घरात लपवाछपवी नव्हती. "सरकार अनुदान देईल म्हनत्यात. त्ये आलं तर बी-बियानं घेऊन पुना लावू. न्हाई आलं तर दसऱ्याला उचल घ्यावी लागंल, बाई. आन मग तुझं नाव काढावं लागंल. तरनी पोर एकटी कुटं ठेवायची? मामाकडं तरी किती दिवस?" माझ्याबरोबरीच्या दोन पोरी अशाच ऊसतोडीच्या फडावर गेल्या होत्या. एकीचं तिथंच लग्न ठरलं होतं. त्या रात्री मला ते सरकारी अनुदान माझ्या नावानंच येणार आहे असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कोतवाल घरोघर सांगत फिरला. तलाठी मॅडम पंचनाम्याला येणार, जागेवर नुकसान बघणार, मोबाइलमधून फोटो काढणार, तोवर शेतातलं काही हलवायचं नाही. मोबाइलमधून फोटो निघतो याचंच तेव्हा आम्हाला अप्रूप. हल्ली अंगठा लावा, केवायसी करा, अंगठा जुळत नाही म्हणून परत या, असं चालतं. माझ्या चुलत सासऱ्यांचे अंगठे दगड फोडून इतके घासले आहेत की मशीनला ते माणूसच वाटत नाहीत. तेव्हा निदान माणूस माणसाला बघायला यायचा. अण्णांनी कोतवालाचं बोलणं फार मनावर घेतलं. रानात काठी घेऊन उभे राहिले. कावळे हाकलले, शेळ्या हाकलल्या, मधमाश्यांनाही उपरणं झटकलं. पांडूनं एक फुटकं टरबूज उचललं तर ओरडले, "ठिव खाली! पुरावा हाय त्यो!" रस्त्यावरूनही त्या टरबुजांचा गोड वास येत होता, आणि घरचीच टरबुजं असून आमच्या तोंडाला कुलूप. पांडू दुरून नाक फुलवून श्वास ओढायचा आणि म्हणायचा, "वास तर घिऊ द्या न, अण्णा."

मॅडम चौथ्या दिवशी येणार होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. ऊसतोडीचा हंगाम लवकर उरकला होता आणि आमचीच टोळी परत येत होती. गारांच्या पावसानं कच्च्या रस्त्याची पार दलदल झालेली. आमच्या रानाशी आली आणि मागची ट्रॉली चाकाच्या आसापर्यंत चिखलात रुतली. ट्रॉलीत काय नव्हतं? भांडी, सरपण, खुराड्यातल्या कोंबड्या, पत्र्याची पेटी, झोळीतली लेकरं, आणि त्या सगळ्यांच्या वर बसलेली गयाबाई, टोळीतली सगळ्यांत म्हातारी. मागून बैल चालत होते. दगडू मुकादम मोटारसायकलवर, पांढऱ्या शर्टात, चिखल लागू नये म्हणून पाय वर धरून. आदल्या दिवसापासून सगळे वाटेवर होते आणि पाण्याचे ड्रम रिकामे झालेले. माय कळशी घेऊन धावली. कळशी एका दमात संपली. गयाबाईच्या नातीनं कळशीच्या काठाला बोट फिरवून ते चाटलं, आणि माय वळून रानाकडं बघायला लागली.

अण्णांना तिच्या पाठीवरूनच कळलं. "न्हाई हं," ते म्हणाले, "मॅडम उद्या येनार हाय. फोटो काढायचाय."

"लेकरं आज तहानलेली हायत."

"अगं, पुरावा हाय त्यो. उषीचं कॉलेज हाय त्यात."

माय माझ्याकडं बघून म्हणाली, "उषे, तू सांग. तू म्हन न्हाई, मी घरात जाते."

मला आजही त्या क्षणाचा मोठा आनंद वाटतो, आणि त्यात माझा काही मोठेपणा नाही. मी त्या ट्रॉलीत वाढले होते. परतीच्या वाटेवर घसा कसा होतो हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "अण्णा, कोयता काढा."

अण्णा दोन पावलं घराकडं गेले, परत आले, डोकं खाजवलं. मग आढ्याला खोचलेला कोयता आणला, पहिलंच टरबूज चार फाका केलं आणि ओरडले, "या बे खाली! वर बसून काय बगताय?" एवढं म्हणायची खोटी, ट्रॉली रिकामी झाली. पुढचा तासभर आमच्या रानात जत्रा होती. नारायणगडाच्या जत्रेतही मी इतकी माणसं एकाच वेळी खाताना बघितली नाहीत. बायका पदर खोचून बसल्या, पोरं पालथी पडून फाकांत तोंड घालत होती, बापे बिया लांब कोण थुंकतो याची पैज लावत होते. गयाबाईला दात नव्हते. ती गर बोटांनी कुस्करून ओंजळीनं प्यायची आणि मधेच म्हणायची, "लई ग्वाड हाय गं माय, लई ग्वाड." मुकादम आधी बांधावरच उभा होता. अण्णांनी त्याच्या हातात एक अर्धं टरबूज ठेवलं. तो बसला, आणि बसला तो बसलाच. सालं बैलांना टाकली. त्यांनी तीही चाटूनपुसून संपवली. अण्णा सगळ्यांच्या मधून फिरत होते, वाढप्यासारखे, आणि "आनखी घ्या, आनखी घ्या" म्हणत होते. माझे वडील इतके खूश मी माझ्या लग्नातही बघितले नाहीत. लग्नात त्यांना जेवण कमी पडायची काळजी होती.

आणि तेवढ्यात रस्त्यावर स्कूटर दिसली. मॅडमचं शेजारच्या गावचं काम लवकर उरकलं होतं, म्हणून त्या एक दिवस आधीच आल्या होत्या. तरुण होत्या, परजिल्ह्यातल्या, तोंडाला स्कार्फ, हातात पॅड. स्कूटर लावून बांधावर आल्या आणि बघतच राहिल्या. रानात वेल होते, नळ्या होत्या, साठ-सत्तर माणसं होती, बैल होते. टरबूज नव्हतं.

"नुकसान कुठंय?" त्यांनी विचारलं.

बापे उपरण्यानं तोंडं पुसायला लागले. शेवटी पांडू म्हणाला, "खाल्लं."

"काय खाल्लं?"

"नुकसान."

मॅडमना हसावं का रागवावं कळेना. "मी फोटो कशाचा काढू? बैलांचा?" त्या म्हणाल्या. "अहो, पीक काढून खाल्लं म्हटल्यावर ते गारांनी गेलं असं मी कसं लिहू? वरून विचारतील मला." अण्णांचा चेहरा पडला. त्यांचा ओला हात कोयत्यासकट खाली आला. गयाबाई पुढं झाली. "पोरी, आमी सांगतो की. फुटल्यालंच व्हतं सगळं. एक बी साबूत न्हवतं, तुझ्या गळ्याशपत." टोळीतले सगळे एकदम बोलायला लागले. मॅडमनी हात वर केला. तोंडी सांगून चालत नाही, त्या म्हणाल्या, पंच लागतात. पंच गावातला पाहिजे, आणि धुऱ्याला लागून ज्याचं रान आहे तो असेल तर उत्तम. एका बाजूला किसनतात्यांचं रान होतं. ते म्हातारे तिथंच उभे होते, त्यांनी गारा पडल्या त्याच संध्याकाळी येऊन बघितलं होतं. ते तयार झाले. दुसऱ्या बाजूला दगडू मुकादम.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, की अनुदान आलं नाही तर दसऱ्याला एक कोयता त्याच्या टोळीत परत येणार, आणि जमलं तर माझा जास्तीचा हातही. मॅडमनी विचारलं, "तुम्ही गारांनी खराब झालेला माल डोळ्यांनी बघितला का?"

मुकादमानं घसा साफ केला. "आता बगा मॅडम, मी तर फडावरून आत्ताच येऊन ऱ्हायलोय. हितं काय झालं, कवा झालं, मला कावून ठाऊक असनार?"

अण्णा खाली बघायला लागले.  मी सतरा वर्षांची होते आणि मोठ्या माणसांच्या मधे बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती, पण माझं कॉलेज त्या माणसाच्या जिभेवर होतं. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मुकादम, मग शर्टाला काय सांडलंय?"

त्यानं खाली बघितलं. सगळ्यांनी बघितलं. त्या शुभ्र शर्टावर गळ्यापासून पोटाच्या घेरापर्यंत लाल ओघळ आला होता आणि खिशाच्या काठाला दोन काळ्या बिया चिकटल्या होत्या. आधी गयाबाई हसली, मग ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, मग एकदम सगळं रान. मॅडमनी स्कार्फ तोंडावर ओढून घेतला, पण त्यांचे खांदे हलत होते. मुकादमानं बिया झटकल्या, थोडं लाजल्यासारखं केलं आणि मग तोही हसला, पोट धरून, मोठ्यानं. "लिवा मॅडम," तो म्हणाला. "गारांनी फुटल्यालंच व्हतं. साबूत असतं तर ह्या कंजूष मानसानं मला फुकट दिलं असतं का बे? लिवा. आन माझा एक कोयता गेला, त्ये बी लिवा कुटंतरी."

सही झाली. फोटो मात्र हवाच होता. मॅडमनी जरा विचार केला आणि सगळ्या टोळीला रानात, उघड्या पडलेल्या वेलांच्या मधे उभं केलं. चिकट तोंडाची पोरं पुढं, बायका मागं, त्यांच्या मागं बैल, आणि मधोमध डागाळलेला मुकादम. तहसीलमध्ये त्या फोटोकडं बघून कुणी काय म्हणालं असेल याचा मी आजही विचार करते. मायनं त्या दिवशी मॅडमना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि दुसरं वाढण घ्यायला लावलं.

अनुदान पावसाळ्यात आलं. गेलं तेवढं काही येत नसतं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बी घेण्यापुरतं आणि घरी राहण्यापुरतं आलं. अण्णांनी बँकेतून येताना पेढे आणले आणि पहिला मुकादमाच्या घरी नेऊन दिला. मुकादम म्हणाला, "शर्टाचे पैसे कोन देनार?" अण्णा म्हणाले, "अनुदानात बसतंय का इचारतो." दसऱ्याला मुकादम आमच्याकडं सोनं द्यायला आला, चहा प्यायला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि उचलीचा विषय न काढता उठून गेला.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघाले ती पहाट मला अजून दिसते. आवाजानं मला जाग आली. माय अंथरुणात उठून बसली होती. फडावर असताना ती रोज तीन वाजता उठायची, अंधारात भाकरी थापायची, आणि त्याच भाकरी दिवसभर ऊस तोडता तोडता गार गार खायची. ट्रॅक्टर घरावरून गेले. कुणीतरी तिला नावानं हाक मारली, तिनं बसल्याबसल्या हात वर केला, जसं काही तो अंधारात त्यांना दिसणार होता. आवाज गेला तशी ती परत आडवी झाली आणि गोधडी अंगावर ओढली. उजाडलं. अण्णांनी शेळीची धार काढली, चूल पेटवली, चहाच्या नावाखाली काहीतरी काळंकुट्ट केलं. पांडू तिला उठवायला निघाला तर अण्णांनी त्याचा दंड धरला. "निजू दे," ते हळू म्हणाले. ऊन उंबरा ओलांडून तिच्या पायांपर्यंत आलं होतं. मायला उजेडात झोपलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मी दप्तर घेतलं, दार आवाज न करता लोटलं आणि कॉलेजला निघाले.